बॉनेटवरचे सहा चौकोन

गाडी धुवायला काय लागतं? एक बादली, एक फडकं आणि दोन हात. निदान छप्पन्न वर्षं माझी तरी अशीच समजूत होती. आमच्या ह्यांनी ती तीन आठवड्यांत मोडून काढली. आता कुणी मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन, की शांपू वेगळा, पॉलिश वेगळं, वॅक्स वेगळं आणि सीलंट वेगळं. हे सगळं एकच असतं असं जो म्हणेल त्याला आमच्या घरात चहा मिळत नाही.

हे रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. रंग दिलेले पत्र्याचे तुकडे ह्यांच्या टेबलावर यायचे. हे एकेक तुकडा खिडकीच्या उजेडात तिरका धरायचे आणि सांगायचे, हा पास, हा नापास. जिथे बाकीच्यांना एकच पांढरा दिसायचा तिथे ह्यांना तीन दिसायचे. कारखान्यात सगळे ह्यांना 'भिंग' म्हणत. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषणातसुद्धा तेच नाव घेतलं आणि हे लहान मुलासारखे खूश झाले. मला मात्र या भिंगाखाली संसार करावा लागला, त्याचं भाषण कुणी केलं नाही. पेल्याच्या बुडाशी राहिलेला साबण, चादरीची न जुळलेली कड, माझ्या कपाळावरची नवी आठी, काही म्हणून सुटायचं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही गाडी घेतली. गडद निळी, छोटी, आमच्या दोघांपुरती. वर्षभर ती ह्यांनीच चालवली आणि मी शेजारी बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या. मग एक दिवस माझ्या मनाने घेतलं की आपणही शिकायचं. शिकवणारी बाई अशी खमकी होती की चुकीचा गिअर पडला तर गाडीपेक्षा जास्त आवाज तीच करायची. दोनदा परीक्षेत नापास झाले, तिसऱ्यांदा पास. लायसन्स हातात आलं आणि मी पहिला फोन ताईला केला.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मूलबाळ नाही, भावोजी जाऊनही आठ वर्षं झाली. एकटी राहते आणि कुणी दया दाखवली तर त्याला दारातूनच वाटेला लावते. न्हाणीघरात घसरून तिच्या मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि नंतर सहा आठवड्यांसाठी तिला व्यायाम करवून घेऊन पुन्हा चालायला शिकवतात अशा केंद्रात ठेवलं. केंद्र आमच्यापासून गाडीने अडीच तासांवर. तिथून सुटल्यावर ती तीन महिने आमच्याकडे राहणार, मग आपल्या घरी जाणार, असं आमचं ठरलं होतं.

पण तिच्या दिरांचा मुलगा, म्हणजे तिचा पुतण्या, मध्येच टपकला. दर रविवारी केंद्रात फेऱ्या मारायला लागला. "काकू, आमच्याकडेच चला, तुमची खोली तयार आहे." तयारी कशाची चालली होती ते ताईलाही कळत होतं आणि मलाही. काकूला आधी घरी न्यायची, मग "या वयात एकटं कशाला राहायचं" म्हणत तिच्या घराला कुलूप लावायचं, आणि मग त्या कुलपाची किल्ली कुणाकडे राहणार हे सांगायला ज्योतिषी नको.

केंद्राचा नियम असा होता की सुटायच्या दिवशी दुपारी बारापर्यंत न्यायला कुणीतरी यायला हवं आणि कोण येणार त्याचं नाव आधी लिहून द्यायला हवं. ताईने माझं नाव लिहिलं.

"भाड्याच्या गाडीत मी बसायची नाही," ती फोनवर म्हणाली. "पाय वाकत नाही माझा. परका ड्रायव्हर मला पोत्यासारखी आत कोंबणार. तू चालवत येणार असशील तर मी येते. नाहीतर तो पुतण्या आहेच उभा, हात पुढे करून."

"येते गं. शनिवारी बाराच्या आत येते," मी म्हटलं. आणि शब्द देऊन बसले.

लायसन्स आल्यावर पहिले दोन आठवडे आम्ही रोज संध्याकाळी गाडी काढायचो. मी चालवायचे, हे शेजारी. मग अचानक सगळं थांबलं. एक दिवस हे एकटे गाडी घेऊन कुठेतरी गेले, तासाभराने परत आले, आणि जेवायलाही वर न येता बॉनेट पुसत बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "या रंगाचं काही खरं नाही. नीट संरक्षण द्यायला हवं. चल, दुकानात जाऊन येऊ."

त्या दुकानात मी पहिल्यांदाच गेले. बाहेरून मला ते औषधाचं दुकान वाटलं. आत जमिनीपासून छतापर्यंत बाटल्या. टायर काळे करायची वेगळी, काच पुसायची वेगळी, डॅशबोर्डची वेगळी, सीटवरच्या डागांची वेगळी. पक्ष्याची घाण काढायला एक खास फवारा होता. मायक्रोफायबरची फडकी आमच्या टॉवेलांपेक्षा मऊ होती. मला माझ्या अंघोळीच्या साबणाची लाज वाटली.

"काका, हे घ्या," दुकानदार एक काळी बाटली पुढे करत म्हणाला. "सिरॅमिक आहे. एकदा मारा, दोन वर्षं धूळ बसणार नाही."

"कुठल्या चाचणीवरून म्हणता?" ह्यांनी विचारलं.

दुकानदाराला आजवर हा प्रश्न कुणी विचारला नसावा. तो माझ्याकडे बघायला लागला. "काकू, सगळे हेच नेतात."

"सगळे नेतात ही चाचणी नव्हे," हे म्हणाले. बाटली हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली, आणि माझ्याकडे दिली. "वाच बघू मागचं. अक्षरं इतकी बारीक छापायला ह्यांना लाज कशी वाटत नाही."

मी वाचलं. ती वाचली, मग दुसरी वाचली, मग तिसरी. प्रत्येकीवर लिहिलेलं होतं की हीच सर्वांत उत्तम, आणि प्रत्येकीवर खाली लिहिलेलं होतं की काही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. दीड तास मी उभ्याने वाचन केलं. शेवटी माझे पाय भरून आले आणि मी म्हटलं, "अहो, एक काहीतरी घ्या आणि चला." ह्यांनी सहा घेतल्या.

"शितावरून भाताची परीक्षा," हे वाटेत म्हणाले. "सगळ्या गाडीला लावण्याआधी थोड्या जागेवर लावून बघायचं. कारखान्यात आम्ही असंच करायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन बघते तर बॉनेटवर कागदी चिकटपट्टीने आखलेले वीतभर लांबी-रुंदीचे सहा चौकोन. अ, ब, क, ड, इ, फ. प्रत्येकात वेगळी बाटली. अ मध्ये पिवळ्या झाकणाचं वॅक्स, ब मध्ये डबीतलं घट्ट मेण, क मध्ये ते सिरॅमिक, आणि असंच पुढे. शेजारी वही, पेन आणि पाण्याचा फवारा.

"किती दिवस चालणार हे?" मी विचारलं.

"निदान एकवीस."

"आणि माझा सराव?"

"गाडी हलवायची नाही," हे शांतपणे म्हणाले. "धूळ, ऊन, वारा सगळ्या चौकोनांना सारखा मिळायला हवा. गाडी चालवली की पुढच्या तीन चौकोनांना वारा जास्त लागतो. मग तुलना कशी करणार?"

मी आकडेमोड केली. एकविसावा दिवस ताईच्या शनिवारच्या दोन दिवस आधी येत होता. म्हटलं जाऊ दे, एक दिवस तरी सरावाला मिळेल. तिथेच माझं चुकलं. नवऱ्याला एकवीस दिवस दिले तर तो बेचाळीस घेतो.

रोज सकाळी साडेसातला परीक्षा सुरू व्हायची. हे वाकून प्रत्येक चौकोन बघायचे, फवाऱ्याने पाणी मारायचे आणि पाण्याचे थेंब गोल उभे राहतात की पसरतात ते बघायचे. वॅक्स चांगलं असेल तर पाण्याचे मोती होतात, हे मी तेव्हा शिकले. आणि मला सोडायचे नाहीत.

"अगं, इकडे ये. ब जास्त चमकतो की ड?"

"ड."

"नीट बघ. उजेडाच्या बाजूने बघ."

"अहो, ड म्हटलं ना! दूध उतू जातंय वर!"

हे वहीत ड लिहायचे. कधी कधी मी न बघताच सांगायचे, तरी लिहायचे. मला वाटायचं, बत्तीस वर्षांच्या संसारात माझं मत एकदाही विचारलं नाही आणि आता निवृत्त झाल्यावर माझा सल्ला लागतोय, तोही वॅक्सवर. दुसऱ्या आठवड्यात ह्यांना इ पसंत पडेना म्हणून आम्ही पुन्हा दुकानात गेलो आणि सातवी बाटली आली. इ पुसून तिथे ती लागली. म्हणजे त्या चौकोनाचे एकवीस दिवस पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या नाकी नऊ आले होते. किल्ली कुणी लपवली नव्हती, हेही खरं सांगते. ती दाराजवळच्या खुंटीलाच होती. पण एकटीने गाडी काढायची माझी छाती नव्हती. शेजारी हे बसले असले की मला धीर यायचा, कारण ह्यांची नजर माझ्या आधी पोचायची. रस्त्यात कुत्रं आडवं येणार असेल तर कुत्र्याच्या मनात यायच्या आधी ह्यांना कळायचं, अशी माझी खात्री. आणि शिकवणाऱ्या बाईने बजावलं होतं, पंधरा दिवस स्टिअरिंगला हात लावला नाहीत तर हात सगळं विसरतात. माझे तर वीस होत आले होते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी पायांनी क्लच दाबायचे.

बुधवारी संध्याकाळी मी विषय काढला.

"उद्या चाचणी संपवा. शुक्रवारी मला दिवसभर गाडी हवी आहे, आणि शनिवारी सकाळी आठला आपण निघायचं."

"सातव्या बाटलीचे अजून दिवस व्हायचेत," हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले.

"सातवी गेली खड्ड्यात!"

"अर्धवट सोडली तर आधीचेही दिवस वाया जातात. तुला नाही कळणार ते."

"मग ताईला काय सांगू? चौकोन वाळले नाहीत म्हणून तू पुतण्याकडे जा?"

"टॅक्सी कर."

"ती टॅक्सीत बसत नाही! तीन वेळा सांगितलंय तुम्हाला!"

"मग माझ्याकडे उपाय नाही," असं म्हणून ह्यांनी पान उलटलं.

बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली. ताईचा फोन वाजला तो मी उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ताईचा फोन मी वाजू दिला, आणि त्याबद्दल मला ह्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला.

गुरुवारी दुपारी हे केस कापायला गेले. न्हाव्याकडे नंबर लावून बसले की दीड तासाची निश्चिंती. मी स्वयंपाकघरातला भांड्यांचा साबण घेतला, बादली भरली, घासणी घेतली आणि खाली उतरले. बॉनेटवर पाणी ओतलं आणि घासायला सुरुवात केली. अ गेला, ब गेला, क चं दोन वर्षं टिकणारं सिरॅमिक पाच मिनिटांत गेलं. सातवी बाटलीही गेली. पट्ट्या भिजून सुटल्या. भांड्याच्या साबणाने वॅक्स साफ निघून जातं हे मला ह्यांनीच सांगितलं होतं, चूक टाळण्यासाठी. बॉनेट कोरडं करून मी मागे सरले आणि बघितलं. सगळीकडे सारखा, कोरा, निळा रंग. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच हसले.

आणि मग घाबरले. छप्पन्न वर्षांची बाई, पार्किंगमध्ये घासणी हातात धरून नवऱ्याला घाबरतेय. हसावं की रडावं ते कळेना. पण खरंच घाबरले. वर जाऊन चिकटपट्टी आणली, अंदाजाने सहा चौकोन पुन्हा आखले, अक्षरं लिहिली. घाईत क च्या जागी ड लिहिला आणि ड च्या जागी क. पट्ट्याही वाकड्या आल्या. ते लक्षात आलं तेव्हा फाटकातून हे येताना दिसले, म्हणून तसंच सोडून जिन्याने वर पळाले.

रात्रभर मी वाक्यं जुळवली. 'हो, मी पुसले. का पुसले ते विचारा.' 'तुम्हाला बॉनेट प्यारं की माझी बहीण?' भिंगाला पहिल्या नजरेत कळणार हे मला माहीत होतं. कळू दे. एकदाचं भांडण होऊ दे. भांडण झालं की चाचणी संपेल आणि गाडी निघेल, असा माझा हिशेब.

शुक्रवारी साडेसातला हे वही घेऊन खाली गेले. मी पाठोपाठ गेले आणि बाजूला हाताची घडी घालून उभी राहिले. हे वाकले. अ बघितला. ब बघितला. ह्यांनी फवारा उचलला आणि पाणी मारलं. पाणी फरशीवर सांडावं तसं सपाट पसरलं आणि ओघळून खाली गेलं. एकही थेंब उभा राहिला नाही.

"बघ," हे म्हणाले. "ड वर कसे मोती झालेत."

मी बॉनेटकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. मला वाटलं, टोमणा मारतायत. सगळं कळलंय आणि आता मला खेळवतायत. पण ह्यांचा चेहरा गंभीर होता, तोच कारखान्यातला. हे वहीत लिहीत होते.

"तुला काय वाटतं? ड की फ?"

मी पुढे होऊन ह्यांच्या हातातली वही घेतली. पहिल्या दोन पानांवर ओळी सरळ होत्या. मग त्या वर चढायला लागल्या, मग एकमेकींवर बसल्या. आज लिहिलेलं वाक्य कालच्या वाक्याच्या डोक्यावरच लिहिलेलं होतं. जिथे जिथे काही नीट निर्णय होता, ड चांगला, फ फिकट, ते सगळं माझं होतं. दूध उतू जात असताना मी जिन्यातून ओरडून सांगितलेलं.

"चौकोन नाहीत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"काल मी बॉनेट धुतलं. भांड्याच्या साबणाने. त्यावर काहीही नाही. पट्ट्या मी नव्या लावल्यात, वाकड्यातिकड्या. क च्या जागी ड आहे."

ह्यांनी फवारा खाली ठेवला. बॉनेटवर तळवा टेकवला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवला. बोटांना मात्र कळलं असावं, कारण मध्येच हात थांबला.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दिसतं मला."

"अहो, किती दिवस?"

"कडेकडेचं दिसतं," हे म्हणाले. "मधलं जातं. तुझ्याकडे बघितलं की तुझ्या मागची भिंत दिसते, तो पाइप दिसतो, तिकडची स्कूटर दिसते. तुझा चेहरा दिसत नाही. आधी फक्त एका डोळ्याचं होतं. चष्मा दोनदा बदलला. काही फरक नाही."

"डॉक्टरला दाखवलंत?"

ह्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला. म्हणजे नाही.

"आणि असे गाडी चालवत होतात?"

हे गाडीच्या चाकाशी ठेवलेल्या उलट्या बादलीवर बसले. "त्या दिवशी चौकात मला रस्ता रिकामा दिसला. म्हणून पुढे घेतली. एक बाई समोरून रस्ता ओलांडत होती. तिने बॉनेटवर हात आपटला तेव्हा मला कळलं की ती आहे. तिला लागलं नाही. ती ओरडून निघून गेली. घरी आल्यावर हात लावून बघितलं तर धुळीत जागा पुसलेली लागली, तिच्या पंजाची. ती मी पुसून टाकली. मग पुसतच राहिलो."

खरं तर अशा वेळी बाईने रडायला हवं, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा. मला संताप आला. असा संताप, की कानशिलं तापली.

"मला का नाही सांगितलंत? तीन आठवडे! ताकाला जाऊन भांडं लपवायचं आणि वर मला शिकवायचं, पुढच्या चौकोनांना वारा जास्त लागतो! माझ्या ताईला त्या लबाडाच्या घरी पाठवायला निघाला होतात तुम्ही!"

"तू चालवायला लागलीस की पहिल्याच दिवशी विचारलं असतंस, तुम्ही का नाही चालवत."

"मग सांगायचं!"

"काय सांगायचं?" हे पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले. "भिंग फुटलं म्हणून सांगायचं? आणि तुझ्या शेजारी बसून मी करणार काय होतो? समोर काय येतंय तेच मला दिसत नाही. तू माझ्या भरवशावर गाडी चालवणार, आणि मी असा."

ते खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच मी अजून चिडले. तिथेच उभ्याने फोन काढला, डोळ्यांच्या दवाखान्यात लावला आणि सोमवारची वेळ घेतली, ह्यांचं वय, तक्रार, सगळं मोठ्याने सांगत. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत दोन डोकी आली. येऊ देत म्हटलं. मग वर जाऊन खुंटीवरची किल्ली आणली आणि गाडीचं दार उघडलं.

"बसा."

"मी कशाला?"

"माझी सवय. बसा मुकाट्याने."

गाडी सुरू केली आणि कळलं की समोरच्या काचेतून धड काही दिसतच नाही. तीन आठवड्यांची धूळ तिच्यावर थापली होती. सात बाटल्या, तीन प्रकारची फडकी, एक वही, आणि काच पुसायचं कुणालाही सुचलं नव्हतं, मलासुद्धा. मी माझ्या ओढणीने ती पुसली. पहिल्या वळणावर गाडी बंद पडली, दुसऱ्या वळणावरही बंद पडली. मागचा माणूस हॉर्नवर हात ठेवून झोपला असावा. "क्लच सावकाश सोड," हे म्हणाले. त्याला डोळे लागत नाहीत, आवाजावरून कळतं. दुपारपर्यंत मी गावाबाहेरच्या रस्त्यावर चार फेऱ्या मारल्या. एकदा कुंपणाला आरसा घासला. ह्यांनी विचारलं कसला आवाज, मी म्हटलं कसलाच नाही. माझ्याकडेही लपवायला काहीतरी हवं ना.

शनिवारी आठला निघालो. अडीच तासांच्या रस्त्याला मला साडेतीन लागले. एकदाही कुणाला ओलांडून पुढे गेले नाही. ट्रॅक्टरच्या मागे वीस मिनिटं होते. पाठीला घामाने कपडे चिकटले होते आणि बोटं स्टिअरिंगवरून सोडवून घ्यावी लागत होती. शेजारी हे ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. सवयीने एकदा म्हणाले, "समोर बघ." मी म्हटलं, "बघतेय. मीच बघतेय."

केंद्रात पोचलो तेव्हा बाराला अर्धा तास होता. ताई चाकांच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. खुर्चीच्या मागे पुतण्या उभा, मुठी दांड्यावर आवळलेल्या, जणू ढकलायला सुरुवातच करणार होता. मला बघून ताईने मान फिरवली आणि त्याला म्हणाली, "सोड आता. आली माझी."

पुतण्या काही लगेच सोडणारा नव्हता. "मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतलात? आणि गाडी काकांनी चालवली ना? नाहीतर काकूला एवढ्या लांब न्यायचं म्हणजे..."

काउंटरवरच्या बाईने तेवढ्यात कागद पुढे सरकवला. तीन प्रती एकावर एक. तिने तो माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे सरकवला, सगळीकडे सरकवतात तसा. "साहेब, नेणाऱ्याची सही इथे करा."

ह्यांनी सवयीने पेन घेतलं. आमच्या घरात सगळ्या सह्या हेच करतात. पेन कागदाच्या वर आलं आणि तिथेच थांबलं. थोडं डावीकडे गेलं, थोडं खाली आलं. पुतण्या बघत होता. ताई बघत होती. मी हात पुढे करणार होते, काहीतरी सबब सांगणार होते, चष्मा गाडीत राहिला वगैरे. जिभेवर आलंही होतं.

"सही ही करेल," हे म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "गाडी तिनेच चालवली. मला दिसत नाही आता."

ताईचा हात तोंडाकडे गेला. पुतण्याने खुर्चीचा दांडा सोडला. काउंटरवरची बाई उगाच शिक्का पुसत बसली.

त्याच क्षणी मला असा राग आला, असा राग आला. मला सांगायला ह्यांच्याकडे तीन आठवडे शब्द नव्हते. माझं लग्न होऊन बत्तीस वर्षं झाली, तरी मला वही हिसकावून घ्यावी लागली. आणि इथे एका अनोळखी बाईला, त्या पुतण्यासमोर, विचारलं नसताना सांगून मोकळे झाले. ह्यांनी पेन माझ्याकडे धरलं होतं, माझ्या हाताच्या जरा बाजूला. मी ते घेतलं आणि सही केली. इतकी दाबून केली की खालच्या दोन्ही प्रतींवर ती नीट उमटली.